उशीर कुणाचा

माझ्या लॅपटॉपवर विंडोजच्या जागी असलेल्या लिनक्सला नावं ठेवलेली मला खपत नाहीत, आणि त्या रविवारी दादाने ती नेमकी माझ्याच घरात, माझ्याच हातचा चहा पीत ठेवली.

"हे भंगार आधी फेकून दे," माझ्या लॅपटॉपकडे बोट दाखवत तो म्हणाला. "बाबांचा हात ठणठणीत आहे. तुझी मशीनच रडकी."

झालं होतं असं. आमचे बाबा शाळेची बस चालवतात. मध्यंतरी त्यांना अर्धांगवायूचा एक सौम्य झटका येऊन गेला आणि उजवी बाजू जरा जड झाली. मग औषधं, व्यायाम, विश्रांती, आणि माझ्या शिस्तीखाली भरपूर कुरकुर. आता डॉक्टरांनी गाडी चालवायला हरकत नाही म्हणून सांगितलं, पण वर पुस्ती जोडली की आधी स्वतःचा अंदाज घ्या. सोमवारी बस हातात घ्यायची की नाही, हे बाबांनीच ठरवायचं होतं. मागे बसणार ती लोकांची पोरं. तिथे चुकून चालणार नव्हतं.

अंदाज घ्यायला मी त्यांना ट्रक चालवायचा एक खेळ लावून दिला होता. स्टिअरिंग टेबलाला घट्ट आवळलेलं, खाली पायाशी पेडल. माझ्या जुन्या लॅपटॉपला तो खेळ झेपत नाही, म्हणून क्लाउडवरून. म्हणजे खेळ चालतो लांब कुठल्या तरी कंपनीच्या तगड्या मशीनवर. आपण ब्रेक दाबला की तेवढी खबर तिकडे जाते आणि तिकडून नुसतं चित्र आपल्याकडे येतं. या जाण्यायेण्यात उशीर झाला की गाडी ऐकेनाशी होते.

बाबांची गाडी मुळीच ऐकत नव्हती. ते वळवायचे, ती सावकाश वळायची. सिग्नल लाल झाला की ट्रक हमखास पट्ट्याच्या पुढे. "माझे हातपायच मेले गं," असं ते एकदा पुटपुटलेही.

आणि आज दादाने आपला विंडोजचा लॅपटॉप जोडला, तर काय, ट्रक शहाण्यासारखा चालायला लागला! सिग्नलला थोडा पुढे जात होता, पण थोडाच. वहिनीने हौसेने तिचा मॅक लावून पाहिला. तिथेही तेच. बाबांचा चेहरा असा खुलला, की मलाही भरून आलं.

"म्हणजे मी बरा आहे," ते म्हणाले. "सोमवारी जातो."

तिथे मी गप्प बसायला हवं होतं. पण दादा गप्प बसू देईल तर शपथ.

"कबूल कर ना, लिनक्सवर खेळबिळ चालत नाहीत. तू आपले ऑफिसचे सर्व्हर सांभाळ."

"अरे जा! मला शिकवतोस?" म्हणत मी बाह्या सरसावल्या. पहिली लबाडी लगेच सापडली. दादाने स्वतःचा लॅपटॉप वायरने थेट राउटरला जोडला होता, आणि माझा बिचारा वाय-फायवर. "ही कुठली शर्यत? स्वतः बूट घालून पळतोस आणि मला अनवाणी पळवतोस?"

वायर माझ्याकडे आली, तरी फरक उरलाच. वहिनी गालातल्या गालात हसली. मग मी खोलात शिरले. विंडोज आणि मॅकला कंपनीचं स्वतःचं ॲप मिळतं, लिनक्सवर ब्राउझरमधून खेळावं लागतं. आणि माझा ब्राउझर, येणारं चित्र उलगडायचं काम ग्राफिक्स चिपला न देता प्रोसेसरच्याच गळ्यात मारत होता. पंखा इतका घोंघावत होता तो उगाच नाही. त्यासाठी लागणारा छोटा प्रोग्रॅम, त्याला ड्रायव्हरच म्हणतात, मी कधी टाकलाच नव्हता. दिवसभर काळ्या खिडकीत अक्षरं बघणाऱ्या बाईला व्हिडिओचं काय पडलंय! ड्रायव्हर टाकला, ब्राउझरमधली सोय चालू केली. पंखा गप्प झाला.

"तुझ्याकडे चित्र अजून जरा पुसट वाटतंय," वहिनी म्हणाली. खरंच होतं ते.

"लिनक्स दिसलं की ही कंपनी एक पायरी कमी प्रतीचं चित्र पाठवते, वहिनी. दारात नाव विचारून ताट वाढायची तऱ्हा. पण पुसट वेगळं आणि उशीर वेगळा. उशीर आता माझ्याकडे नाही."

"दाखव," दादा म्हणाला.

दाखवणारच होते. मी फोन लांब उभा केला, असा की स्क्रीनही दिसावी आणि बाबांचे पायही. मग तिन्ही मशीनवर तोच रस्ता, तेच सिग्नल, आणि सगळ्याचं स्लो मोशनमध्ये चित्रण. पेडल दबतं कधी आणि स्क्रीनवर ब्रेक लागतो कधी, एवढंच बघायचं. दादाने डोळे बारीक करकरून पाहिलं, मागे नेऊन पुन्हा पाहिलं.

"टेकले बाई हात," तो शेवटी म्हणाला. "तिन्ही सारख्याच."

मी नाचायचीच काय ती बाकी होते. वहिनीने टाळी दिली. बाबा मात्र फोनकडेच बघत होते.

"सिग्नलचा भाग परत लाव," ते म्हणाले. "अजून हळू."

लावला. दिवा लाल झाला. पाय हलला नाही. अजून नाही. अजूनही नाही. मग उजवा पाय उठला, हवेत रेंगाळला आणि पेडलवर आला. पेडल दबलं तसा ट्रकने लगेच ब्रेक घेतला.

"आता दादाच्या मशीनवरचं."

तिथेही तसंच. मॅकवरही तसंच.

माझ्या त्या मेल्या हट्टापायी काय करून बसले मी!

"बाबा, फोनमध्येच काही गडबड असेल," दादा म्हणाला.

"नाही रे. तिने सगळं धुऊनपुसून दाखवलंय. मशीनचा उशीर गेला. उरला तो माझा."

"पण हा खेळ आहे बाबा," मी कसंबसं म्हणाले. "खऱ्या रस्त्यावर..."

"खऱ्या रस्त्यावर त्या सिग्नलच्या जागी पोर येतं."

त्यांनी तिथेच बसून बसच्या मॅनेजरना फोन लावला. "सोमवारी दुसरा ड्रायव्हर पाठवा, साहेब. नाही नाही, तब्येत छान आहे. पाय अजून वेळेवर पोचत नाही. पोचला की मीच कळवीन." आवाज अगदी खणखणीत होता.

फोन ठेवून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी रडत होते.

"आता त्यात रडायचं काय? इतके दिवस भांडायचं कुणाशी तेच कळत नव्हतं. आज कळलं. चल, लाव परत."

"कुठली लावू?"

"तुझीच लाव."

मी डोळे पुसले आणि लॅपटॉप त्यांच्या पुढ्यात ठेवला. बाबांनी खुर्ची पुढे ओढली आणि उजवा पाय पेडलवर ठेवला.