चरखीच्या तळचं सूत

सांडूआप्पांच्या हट्टाला औषध नव्हतं. एरवी माणूस म्हणजे गरीब गाय. एसटीच्या वर्कशॉपातून रिटायर होऊन सिडकोत लेकीच्या घरी राहायला आल्यापासून भाजीत मीठ कमी पडलं तरी त्यांनी कधी ब्र काढला नाही, की जरा बातम्या लावा असं जावयाला म्हटलं नाही. पण त्यांच्या मासे धरायच्या पितळी चरखीचं नाव कुणी काढलं, की ह्या गरीब गाईला शिंगं फुटायची.

गळाच्या काठीच्या बुडाशी बसवलेलं बशीएवढं पितळी चाक, त्यावर गुंडाळलेली दोरी आणि फिरवायला एक लाकडी मूठ, एवढीच ती चरखी. मासा लागला की दोरी घेऊन पळतो, चाक गरगर फिरतं, आणि ते आवरायला जुन्या चरखीत ब्रेक नसतो. ब्रेक म्हणजे माणसाचा अंगठा. चाकाच्या कडेवर अंगठा दाबायचा, मासा जोरात असला की सैल सोडायचं, दमला की आवळायचं. आप्पांच्या उजव्या अंगठ्याला ह्या कामानं असा घट्टा पडला होता की त्यावर काडी ओढली तर पेटली असती. पण साठी उलटली, रक्तात साखर निघाली, आणि एका पावसाळ्यात तो घट्टा उलला तो मिटेचना.

डॉक्टरांनी बोट उलटसुलट करून पाहिलं आणि आप्पांशी न बोलता त्यांच्या लेकीशी, चंद्रकलेशी बोलले. आणखी एकदा घासलं तर अंगठा काढावा लागेल, म्हणाले. रिक्षात बसल्यावर चंद्रकला रडली आणि आप्पा बाहेर बघत बसले.

जावई लक्ष्मणराव वाळूजला एका कंपनीत सुपरवायझर. माणूस हौशी आणि मनाचा मोकळा. त्यांनी पुण्याहून नवी चरखी आणली. मुठीत मावेल एवढी, चकचकीत, हवी तर डाव्या हातानं फिरवावी. एक चकती पिळली की आतल्या आत ब्रेक लागतो. मासा कितीही ओढो, बोट लावायचं कामच नाही.

"आप्पा, बघा तर खरं. तुमचा सोन्यासारखा अंगठा वाचला!" लक्ष्मणराव म्हणाले.

आप्पांनी ती हातात घेतली, फिरवली, कानाशी नेली. "हिला आवाज नाय," म्हणाले, आणि डब्यात ठेवली. दुसऱ्या दिवशी ती हलकी ठरली. तिसऱ्या दिवशी तिच्यावर दोरी फार थोडी मावते असं निघालं. नाही म्हणायचं ठरवलेल्या माणसाला कारणांचा काय तोटा?

खरं कारण त्यांनी कुणालाही सांगितलं नव्हतं. पितळी चरखीवर वरून नायलॉनची दोरी तेवढी दिसायची. त्या नायलॉनच्या खाली, अगदी तळाशी, चाकाच्या पोटाला धरून, आवडाबाईच्या हातचं सूत होतं.

आवडाबाई म्हणजे आप्पांची बायको, चंद्रकलेची आई. ते तेव्हा नवाबपुऱ्यात एका खोलीत राहायचे. आवडाबाई जवळच्या हिमरूच्या कारखान्यात मागाच्या कांड्यांवर रेशीम भरायला जायची. मागावर हिमरूचं कापड विणून झालं की रेशमाची टोकं उरत. कुणाच्या उपयोगाची नाहीत अशी, हातभर, दीड हात. ती पदरात बांधून आणायची, गाठी मारायची, खिडकीच्या गजाला एक टोक अडकवून पीळ घालायची आणि वर मेण चोळायची. नवऱ्याला रविवारी हर्सूलच्या तळ्यावर जायचा नाद आहे, तर जाऊ दे. पण निदान दोरी तरी घरची असू दे, असा तिचा हिशेब. डाळिंबी, मग अंजिरी, मग मोरपंखी, मग पुन्हा डाळिंबी, अशी ती दोरी रंग बदलत जायची. तळ्यावरची माणसं हसायची. मासे धरायला आलात का पतंग उडवायला, म्हणायची. आप्पांना त्याचा राग यायचा नाही. उलट ती दोरी पाण्यात सोडताना ते जरा जास्तच हात उंच करायचे.

चंद्रकला धड दोन वर्षांचीही नव्हती तेव्हा आवडाबाईला कावीळ झाली. गळ्यातलं डोरलं दवाखान्याच्या खर्चात गेलं, तरी ती वाचली नाही. दिवस झाल्यावर आप्पांची थोरली बहीण बिडकीनहून आली होती, तिनं लुगडी, चोळ्या, चपलासुद्धा वाटून टाकल्या. गेलेल्या बाईचं घरात ठेवू नये, लेकराला बाधतं, असं ती म्हणाली आणि आप्पांनी मान हलवली. फोटो काढायचा राहूनच गेला होता. बहीण लेकरू घेऊन बिडकीनला गेली, आप्पा रिकाम्या खोलीत आले, तर कोपऱ्यात गळाची काठी उभी. तिच्यावर आवडाबाईनं दुखण्यात पडायच्या आधी गुंडाळून ठेवलेली दोरी. वेढ्याला वेढा लागून, एकही चढलेला नाही. तिच्या हातचं घरात तेवढंच उरलं होतं.

पुढं सगळ्यांनी नायलॉन घेतलं, आप्पांनीही घेतलं. पण खालचं रेशीम काही त्यांनी काढलं नाही. गाठ मारून वरूनच नायलॉन गुंडाळलं. कुणी विचारलं तर तळाला भर लागतेच, म्हणायचे, आणि ते खोटंही नव्हतं. ती दोरी त्यांनी त्यानंतर एकदाही उकलली नाही. तिनं गुंडाळलेलं आपण कसं उकलायचं? नायलॉन चारदा बदललं. दर वेळी गाठीवरचे शेवटचे वेढे तसेच ठेवून थांबायचे, वरून बोट फिरवायचे आणि नवं जोडायचे. लेक शाळेसाठी परत आली, मोठी झाली, लग्न झालं. तिलाही त्यांनी हे सांगितलं नाही. सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? पण माणसाजवळ एकच चीज उरली की तो ती वाटून घ्यायलाही भितो. हे प्रेम म्हणा, नाहीतर चक्क कंजूसपणा म्हणा. मला विचाराल तर दोन्ही.

नवी चरखी डब्यात पडून राहिली आणि एका रविवारी आप्पा अंगठ्याला चिंधी बांधून जुनीच घेऊन हर्सूलला गेले. घरी देवळात जातो म्हणून सांगितलं. तळ्यावर त्यांचा जुना सोबती मकसूदभाई होताच. त्यानं स्वतः केव्हाच नवी चरखी घेतली होती.

"सांडूभाई, क्या कररे तुम? अंगूठा कटवाके घर जाते क्या?" तो म्हणाला.

"गप बस. मासे पळत्याल."

"मछली भागी तो दूसरी आती. अंगूठा दूसरा नै आता."

आप्पांनी कणकेचा गोळा लावून गळ टाकला. उन्हं वर आली तेव्हा मासा लागला, आणि तो लहानसहान नव्हता. नायलॉन सरसर सुटायला लागलं. चाक एवढं रिकामं होत गेलेलं आप्पांनी कधी पाहिलं नव्हतं. त्यांना एकच धसका बसला: आता गाठ येणार, गाठीमागून ती दोरी पाण्यात जाणार. मासा गेला तरी चालेल, ती जायला नको. त्यांनी चिंधीसकट अंगठा चाकावर दाबला आणि काढला नाही. चिंधी फाटली, घट्टा फाटला. शेवटी नायलॉन मध्येच ताडकन तुटलं आणि मासा अर्धी दोरी घेऊन गेला. गाठ चाकावरच राहिली होती. मकसूदभाईनं आपला रुमाल बांधला आणि स्कूटरवर घालून त्यांना घरी आणलं. सबंध रस्ताभर आप्पा चरखी पोटाशी धरून बसले होते.

चंद्रकलेनं आधी बोट बघितलं आणि मग बापाकडं.

"देवळात गेलते ना आप्पा? कोणच्या देवळात बोट कापत्यात?"

आप्पांनी चरखी पाठीमागं धरली.

बोट धुऊन, पट्टी करून, डॉक्टरांकडून सुई टोचून आणली. अंगठा ह्या खेपेला थोडक्यात बचावला. मग तिनं निकाल लावला. "आजपासून ही चरखी घरात राहायची नाय. मी भंगारात देते. तुमाला तळ्यावर जायचं तर नवी घेऊन जा. नायतर बसा घरी. मला बाप लागतो, मासे नाय."

आप्पा दोन दिवस जेवणावर रुसले. लेक बधली नाही. ती त्यांचीच लेक होती. तिसऱ्या दिवशी सकाळी लक्ष्मणराव कंपनीत गेल्यावर आप्पा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले.

"चंद्रे, नवी वापरतो. पर जुनीवरची तळची दोरी त्या नवीवर घालायची. तेवढं कर. मह्या हातानं व्हईना."

"एवढंच ना? मंग आधी का नाय बोलले?" चंद्रकला हसली. तिला वाटलं, म्हातारा वळला एकदाचा.

दोघं गच्चीवर बसली. जुनी चरखी तिच्या मांडीवर, नवी आप्पांच्या डाव्या हातात. उरलंसुरलं नायलॉन तिनं उकलून बाजूला टाकलं. गाठ आली.

"आता हळू," आप्पा म्हणाले. "लई हळू."

तिनं गाठ धरून नुसती उचलली, तर ती हातातच आली. मागं काही नव्हतंच. चाकाच्या पोटाला एक काळपट तपकिरी थर चिकटला होता. तिनं नख लावलं, तशी त्याची भुकटी पडली. आणखी खरवडलं तर नखाएवढे तुकडे निघाले आणि बोटाला लागताच मोडले. तळ्यातल्या गाळाचा वास आला.

"आप्पा, हे तं कुजलंय समदं. केव्हाचंच कुजलंय. काय व्हतं हे?"

आप्पांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. त्यांना आत्ता आठवलं, आणि इतकी वर्षं ते आठवलं नव्हतं असंही म्हणवत नव्हतं. आवडाबाई दर रविवारी संध्याकाळी सगळी दोरी उकलून खिडकीपासून समोरच्या लिंबापर्यंत ताणायची. ओलं रेशीम गुंडाळून ठेवलं तर जीव सोडतं, म्हणायची. रात्रभर वाळवून सकाळी पुन्हा गुंडाळायची, दर आठवड्याला. आणि त्यांनी तिचे वेढे मोडू नयेत म्हणून त्यावर ओलं नायलॉन चढवलं होतं, रविवारमागून रविवार. ट्रंकेत टाकून विसरले असते तरी राहिलं असतं. त्यांनीच जपून जपून त्याची माती केली होती.

"तुह्या मायचं सूत व्हतं," ते म्हणाले. "तिच्या हातचं. रेशमाचं."

चंद्रकलेचे हात थांबले. मग अडखळत, मागचं पुढं करत, त्यांनी सगळं सांगितलं: कारखाना, पदरात बांधलेली टोकं, पीळ, मेण, रंग. एवढं लांब ते आयुष्यात कधी बोलले नसतील. ती तळहातावरच्या भुकटीकडं बघत ऐकत होती. त्यात डाळिंबीही नव्हता, मोरपंखीही नव्हता. सगळा एकच मातकट रंग.

"ती पीळ घालायची तवा मी कुठं व्हते?" तिनं विचारलं.

"तिच्या मांडीवर. दोरी ओढायचीस तू. ती हातावर चापट द्यायची."

"मंग मला हे आधी का नाय सांगितलं?" तिचा आवाज चढला नाही, त्यानं आप्पांना जास्त लागलं. "मह्यापाशी मायचं काय हाय, आप्पा? एक चिंधी नाय, फोटू नाय. आत्याला विचारलं तं ती डोळ्याला पदर लावायची. तुमाला विचारलं तं तुमी उठून जायचे. हे रंग तरी एकडाव दाखवायचे व्हते. मी काय पळवून नेणार व्हते का?"

गच्चीवर ऊन आलं होतं. चंद्रकलेनं ती भुकटी पदराच्या टोकात घेतली आणि गाठ मारली. मग लहान मुलीनं विचारावं तसं विचारलं, "दिसायला कशी व्हती माय?"

आप्पांनी तोंड उघडलं. त्यांना हात दिसले, पीळ घालताना वर होणारे. हातावरचं गोंदण दिसलं. खिडकी दिसली, लिंब दिसला, ताणलेली दोरी तर गाठीगाठीसकट दिसली. चेहरा येईना. त्यांनी डोळे मिटून शोधला, तरी येईना. इतकी वर्षं ते सुताला धरून बसले होते आणि चेहरा कधी निसटला त्यांना कळलंच नव्हतं.

लेक वाट बघत होती.

"तुह्यावानी," आप्पा म्हणाले. "अगदी तुह्यावानीच."

"खरंच?"

"व्हय."

चंद्रकला उठली आणि खाली गेली. बऱ्याच वेळानं आप्पा भिंतीला धरून जिना उतरले, तर ती बेसिनवरच्या आरशासमोर उभी होती, केस मागं सारून, डोकं कधी इकडं कधी तिकडं वळवत. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती. आप्पा दारातच थांबले. तिला खरं सांगायचं त्यांना धाडस झालं नाही.