बाग उघडी, दोन ते पाच

बर्नार्ड रविवारी पहाटे गेला आणि त्याच दुपारी दोन वाजता मी आमच्या बागेचं फाटक लोकांसाठी उघडलं.

हे सांगितलं की लोक माझ्या तोंडाकडे बघत राहतात. म्हणून आधीच सांगते, मी काही ठरवून केलं नाही. सहाला जाग आली तेव्हा त्याचा हात गार लागला. मी त्याचं पांघरूण सारखं केलं, खिडकी उघडली, खाली आले आणि चहाबरोबर द्यायच्या स्कोनचं पीठ भिजवायला घेतलं. साठ स्कोन करायचे होते. जूनच्या तिसऱ्या रविवारी आमच्या हॉल्मस्टेथ गावातल्या अकरा बागा बघायला खुल्या असतात आणि चहा कायम आमच्याकडे. नकाशे छापून झाले होते. नकाशात आम्ही चार नंबर. डॉक्टरांना फोन करायला हवा एवढं मला कळत होतं. पण फोन केला की डॉक्टर येणार, पाठोपाठ फिलिपा येणार, मग सगळं गाव झाकलेली भांडी घेऊन दारात उभं राहणार आणि प्रत्येकाला मला तेच एक वाक्य सांगावं लागणार. ते वाक्य मी अजून स्वतःशीसुद्धा म्हटलं नव्हतं. पाच वाजल्यावर बघू, असं म्हणून मी ओव्हन लावला.

रडू येईल म्हणून मी वाट बघितली. आलं नाही. दात काढायच्या आधी सुई देतात ना, मग आपलाच गाल आपल्याला दुसऱ्याचा वाटतो, तसं सगळं अंग झालं होतं. ओव्हनचा पत्रा मनगटाला चिकटला तरी कळलं नाही. फोड आल्यावर कळलं.

बाराला फिलिपा आली. हा सगळा दिवस तीच चालवते. नवरा आरमारात होता, पण हुकूम सोडायची सवय हिलाच जास्त.

"मॉरीन, चार नंबरची पाटी वाकडी झालीय बघ! आणि बर्नार्ड कुठंय? खुर्च्या कोण मांडणार?"

"झोपलाय."

"आत्ता? आजच्या दिवशी? हे नवरे म्हणजे ना! काम निघालं की यांना नेमकं बरं नसतं."

"हो ना," मी म्हटलं. "तू ते टेबल त्या टोकाने धर."

वर्षभर त्याचं हृदय कुरकुरत होतं, त्यामुळे तो झोपलाय याचं कुणालाच नवल वाटलं नाही. आम्ही दोघींनी खुर्च्या मांडल्या. मी टेबलक्लॉथ अंथरले आणि वाऱ्याने उडू नयेत म्हणून कडांना चिमटे लावले. समुद्र फर्लांगभर अंतरावर, वारा कधी थांबत नाही.

दोन वाजल्यापासून माणसांची रीघ लागली. सगळ्यांच्या छातीवर पिवळं तिकीट चिकटवलेलं. लंडनहून आलेली एक बाई गुलाबांसमोर डोळे मिटून उभी राहिली, जणू तिथे प्रार्थना चालली होती. एक गृहस्थ बायकोला प्रत्येक झाडाचं नाव सांगत होते आणि प्रत्येक नाव चुकत होते. बर्नार्ड असता तर त्यांच्या मागे मागे फिरून दुरुस्त करत बसला असता.

"एवढ्या खाऱ्या वाऱ्यात हॉलीहॉकची ही उंच फुलझाडं सरळ कशी उभी राहतात हो?" कुणीतरी विचारलं.

"ते नवऱ्याला विचारायला हवं."

"कुठे आहेत ते?"

"झोपलेत."

तीन वाजेपर्यंत मी हे वीसेक वेळा तरी म्हटलं असेल. हळूहळू ते मलाही पटायला लागलं. एकदा तर वरच्या खिडकीखाली एक मुलगी किंचाळली तेव्हा मी तिला ओठांवर बोट ठेवून दाखवलं, वर माणूस झोपलाय म्हणून.

साडेतीनला क्लाइव्ह आला.

क्लाइव्ह बर्नार्डचा धाकटा भाऊ. गावाच्या दुसऱ्या टोकाला राहतो, चालत चार मिनिटं. दोघं अठरा वर्षं एकमेकांशी बोलले नव्हते. कारण ऐकाल तर हसाल. सासऱ्यांची खेकडे पकडायची जुनी होडी होती. क्लाइव्हने ती न विचारता पबवाल्याला देऊन टाकली. पबवाल्याने तिच्यात माती भरून लाल जिरेनियम लावले आणि गाड्या लावायच्या जागेत ठेवली. बापाच्या होडीची कुंडी केली, म्हणून बर्नार्डने भावाशी बोलणं टाकलं आणि पबवरून जाणारा रस्ताही टाकला. पोस्टात जायला पाऊण मैलाचा वळसा घालायचा. एक जण दुकानात असला की दुसरा बाहेर उभा राहून जुन्या जाहिराती वाचायचा.

पण बागांच्या दिवसाचा नियम असा की छातीवर तिकीट असलं की नकाशातल्या कुठल्याही बागेत जाता येतं. मालकाला कुणाला नाही म्हणता येत नाही. क्लाइव्ह दर वर्षी तिकीट काढायचा, दहा बागा बघायचा आणि चार नंबर सोडून घरी जायचा. सगळ्या गावाला हे माहीत होतं. बर्नार्डलाही. त्या दिवशी दोन ते पाच तो घेवड्याच्या वेलापाशी उभा असायचा, कारण तिथून फाटक दिसतं. मला म्हणायचा, गोगलगायी वेचतोय. भर दुपारी कुठल्या आल्यात गोगलगायी!

आणि आज क्लाइव्ह फाटकात उभा होता. टाय लावून आला होता. फिलिपाने त्याच्याकडे पाठ केली आणि अगोदरच कापलेला लिंबाचा केक पुन्हा कापायला घेतला.

"मॉरीन."

"क्लाइव्ह."

"तिकीट काढलंय." त्याने छातीवर बोट ठेवून दाखवलं.

"दिसतंय."

"आहे का तो?"

तोंडाला सवय झाली होती. "झोपलाय," मी म्हटलं.

"मग थांबतो. अठरा वर्षं काढली, तिथे आणखी तासभर काय!"

हे माझ्या हिशेबात नव्हतं. बाकीचे विचारायचे, काळजी घ्या म्हणायचे आणि पुढच्या बागेत जायचे. हा खिडकीखालच्या बाकावर बसला. मी त्याला चहा नेऊन दिला, दोन चमचे साखर घालून. साखर किती ते माझ्या अजून लक्षात होतं. तेव्हाच सांगायला हवं होतं. पण भोवती चाळीस माणसं होती. आणि सांगायला लाज वाटते, पण त्याला तिथे बसलेलं बघून मला फार बरं वाटत होतं. बर्नार्ड उठला की त्याला सांगायचं, बघ कोण आलंय, असं मनात येऊनही गेलं.

मी कपबश्या उचलत फिरत होते, तेव्हा त्याने हळूच हाक मारली.

"मॉरीन, आधी काय बोलू? होडीचं काढू की तब्येतीचं विचारू?"

"तब्येतीचं नको," मी म्हटलं.

"बरं. होडीचं." तो ओठांतल्या ओठांत काहीतरी घोकायला लागला. मग म्हणाला, "हा घेवडा उशिरा लावलाय त्याने."

"त्याला सांग."

"सांगणारच आहे!"

पाचला फिलिपा पाटी काढून गेली, माणसं गेली, मी फाटक लावलं. क्लाइव्ह उठला, मांडीवरचा चुरा झटकला, टाय नीट केला.

"आता उठला असेल. मारू का हाक?"

"क्लाइव्ह, बस जरा."

"बसून बसून कंबर गेली माझी."

"बर्नार्ड वारला. आज पहाटे. झोपेतच."

मी म्हटलं ते वाक्य. म्हटलं तरी काही झालं नाही. स्टेशनावर गाडी उशिरा आहे सांगतात, तसा आवाज निघाला. क्लाइव्हने वरच्या खिडकीकडे बघितलं, मग हातातल्या कपाकडे.

"दीड तास तू मला चहा पाजत बसवलंस."

"हो."

"स्कोन दिलास."

"दोन दिले."

त्याचा चेहरा असा झाला की मला वाटलं आता हा कप फेकतो. फेकला असता तर बरं झालं असतं. त्याने तो जपून बाकावर ठेवला.

"आणखी कुणाला माहीत आहे?"

"तुला."

तो पुन्हा खाली बसला. म्हणाला, "मागच्या वर्षी फाटकाच्या कडीला हात लावला होता मी."

"त्याने बघितलं होतं," मी म्हटलं. "त्या रात्री तो जेवला नाही."

हे सांगायला नको होतं की काय, मला अजून कळत नाही. क्लाइव्हने रुमालात नाक शिंकरलं आणि विचारलं, "वर जाऊ?"

"जा."

मी खालीच राहिले. बश्या एकावर एक रचत होते. खिडकी उघडी होती, त्यामुळे सगळं ऐकू येत होतं. जिना वाजला. खुर्ची सरकली. मग क्लाइव्हचा आवाज आला, आधी दबका, मग चढत गेला. तरुणपणी दोघं किनाऱ्यावर खेकड्यांचे पिंजरे उतरवताना भांडायचे, तस्साच.

"गाढवा, घेवडा जूनमध्ये लावतात का? आणि ती होडी कुजत चालली होती, बर्नी! तळ गेला होता तिचा. मी एकटा काय करणार होतो? तू एकदा तरी आला होतास का बघायला? सांग ना! आला होतास?"

आणि तो थांबला.

अठरा वर्षांपूर्वीपर्यंत क्लाइव्हचा एकही प्रश्न बर्नार्डने तसाच सोडला नव्हता. त्याचं पुरतं विचारून व्हायच्या आधी याचं तोंड सुटलेलं असायचं. मी हातात बश्यांची चवड धरून मान वर केली आणि वाट बघायला लागले. वर क्लाइव्हही वाट बघत होता.

"बर्नी?" क्लाइव्हने एकदाच, हळू विचारलं.

उत्तर येणार नव्हतं. जे मला सकाळी सहाला कळायला हवं होतं, ते तेव्हा कळलं. बश्या खाली ठेवायचंही सुचलं नाही. त्या तशाच पोटाशी धरून मी गवतावर बसले आणि शेजारच्या पाच नंबरच्या बागेत ऐकू जाईल इतक्या मोठ्याने रडले.