दोन सुलक्षणा

चौथी पण मुलगीच झाली, म्हणून शिरूरकडच्या बापानं तिचं नाव ठेवलं नकुशी. लग्नात ते नाव गेलं. सासरी ताटातल्या तांदळात नवऱ्यानं अंगठीनं लिहिलं, सुलक्षणा. आणि दोन दिवस तिनं ते ताट कुणाला हलवू दिलं नाही.

दौंडच्या एका दवाखान्यात ती बाळंतपणाच्या खोलीवर आया होती. नाळ कापली की बाळ पुसायला आधी तिच्या हातात. "आलास व्हय रं सोन्या?" असं तिनं कानात म्हटल्याशिवाय एकही लेकरू तिथून घरी गेलं नव्हतं.

मग थोरल्या डॉक्टरांची सून आली. बायकांची डॉक्टर, माहेर शिरूरचं, नाव सुलक्षणा.

"अगं बया! आमच्याकडच्या, आन् माझ्याच नावाच्या!" हिला कोण आनंद.

आठ दिवस तो टिकला. नवव्या दिवशी एका पेशंटच्या नवऱ्यानं काउंटरवर विचारलं, "सुलक्षणा मॅडम कुठायत?" तेवढ्यात फरशीचं फडकं हातात घेऊन हीच पुढं, "व्हय, बोला की!" बाकावरची माणसं खो खो हसली. डॉक्टरीणबाईही हसल्या. केबिनमध्ये गेल्यावर मात्र मॅनेजर सम्राटला बोलावणं गेलं.

सम्राटनं तिचं आधार कार्ड काढलं. त्यावरचं नाव बदलायचं राहूनच गेलं होतं. "मॅडम, प्रश्नच मिटला. ही तर नकुशी हाय."

"अय्या, किती वेगळं! तुझं खरं नाव ना हे? मग लाजायचं काय त्यात?"

"मॅडम, दुसरं कायबी म्हणा. मंगल म्हणा. त्ये नगं."

"कागदावर एक आणि तोंडात एक, असं दवाखान्यात चालत नाही गं."

त्या दिवसापासून जिन्यातून, वॉर्डातून एकच हाक.

पंधरवड्यानं वरवंडच्या मुक्ताबाई सुनेला घेऊन आल्या. घरी दोन नाती होत्याच. आतून आवाज आला, "नकुशी, बाळ घे!" आणि पाठोपाठ ती तिसरी नात घेऊन दारात आली, तोंडभर हसत.

मुक्ताबाईंनी बाळाकडं बघितलंसुद्धा नाही. "तुझं नाव काय म्हनले गं आत?"

तिनं बाळ पुढं धरलं.

"आरं, असली नकुशी दारात उभी केल्यावर पोरगं कसं पाय टाकंल?"

बाकावरच्या दोघीतिघींनी पोटावरून पदर ओढून घेतला.

संध्याकाळी मॅडमनी बोलावलं. "माझा काही असल्यावर विश्वास नाही. पण पेशंट तुटतात गं. उद्यापासून तू संडास-बाथरूम बघ. लेबर रूमकडे फिरकू नकोस."

"पर मॅडम, ह्ये नाव तर तुमीच..."

"मी? नाव तुझ्या बापानं ठेवलं, कार्ड तुझं. मी काय केलं?"

दुसऱ्या दिवशी दुपारी ती बाथरूम घासत होती. भिंतीपलीकडून कोवळं रडणं आलं. हात लुगड्याला पुसत ती कधी उठली, कधी त्या दारापाशी पोचली, तिचं तिलाच कळलं नाही.

दार किलकिलं झालं. तिच्या जागी लावलेली वॉर्डातली सिंधूबाई, कालपर्यंत तिच्यासोबत एका डब्यात जेवणारी. हातात फडक्यात बाळ. तिनं बाळाचं तोंड पटकन पदराआड केलं.

"पोरगा झालाय बाई. तू पल्याड हो आधी."

ती पल्याड झाली. बादलीतलं पाणी बदलायचं होतं.