वीतभर वरची कडी

मित्रांनो, मी एक जुनी कडी आहे. दाराची, आतल्या बाजूची. मी फळीवर असते आणि माझा जोडीदार कोयंडा चौकटीवर. मला उचलून त्याच्यात अडकवलं की घर बंद, काढलं की उघडं. काम एवढंसंच. पण एवढ्याशा कामात किती जीव अडकतात, ते मला विचारा.

माझा जन्म लोहाराच्या भट्टीतला. लोहार घाव घालायचा आणि त्याची बायको भाता ओढायची. मी लाल झाले, वाकले, पाण्यात चर्रकन बुडाले आणि काळीशार होऊन बाहेर आले. समोर एक तरुण सुतार ताटकळत बसला होता. त्याचं घर नवं, दार नवं आणि संसारही नवा.

"तुझं दार कुजेल, पण माझी कडी मोडायची नाही," लोहार म्हणाला.

"दाराचं मी बघतो. तू आपलं कडीचं बघ," सुतार म्हणाला, आणि मला रुमालात बांधून घरी घेऊन गेला.

त्यानं मला स्वतःच्या छातीच्या उंचीवर बसवलं. तिथं मी तीस वर्षं सुखानं राहिले. त्या घरात एक मुलगी जन्मली. तिची थाप मी लांबूनही ओळखायची: दोन घाईच्या, एक सावकाश. ती शाळेतून आली की थाप, खेळून आली की थाप. मग ती लग्न होऊन गेली. काही वर्षांनी एका दुपारी पुन्हा तीच थाप पडली. दार उघडलं तर तिच्या एका हातात पिशवी होती आणि दुसऱ्या हातात पाच वर्षांची लेक. नवऱ्यानं दुसरा संसार मांडला होता. तिला दूरच्या शहरात शिवणाच्या कारखान्यात काम मिळालं होतं. तिथं एका खोलीत आठ बायका राहायच्या. तिथं लेकरू कुठं ठेवणार?

"चार महिन्यांनी नेते," ती म्हणाली. असं म्हणणाऱ्या आया पुष्कळ असतात मित्रांनो, आणि त्या खोटं बोलत नसतात.

ती निघाली तेव्हा पोरगी झोपलेली होती. जाग आली, आई दिसली नाही, तशी ती धावत दारापाशी आली. तिनं मला सहज काढलं आणि अनवाणी रस्त्यावर पळत सुटली. कोपऱ्यावर एका टेंपोवाल्यानं करकचून ब्रेक मारला. तिच्यात आणि चाकात हातभर अंतर उरलं होतं. आजोबांनी तिला उचललं ते घरात येईपर्यंत खाली ठेवलं नाही. आजी तर भिंतीला धरून खालीच बसली.

त्याच संध्याकाळी आजोबांनी पोरीला दाराला पाठ लावून उभं केलं. "कर बघू हात वर! जितका जाईल तितका!"

पोरीला वाटलं खेळच आहे. टाचा उचलून, जीभ दाताखाली धरून तिनं हात ताणला. आजोबांनी बोटांच्या टोकाशी पेन्सिलीनं खूण केली आणि खुणेच्या वर एक वीत मोजली. मला काढलं, कोयंड्याला काढलं आणि दोघांनाही तिथं वर नेऊन ठोकलं. जुनी भोकं त्यांनी लाकडाचा भुसा आणि सरस कालवून बुजवली. उघडं भोक ठेवायचं नाही, हा त्यांच्या हाताचा नेम.

मित्रांनो, इतकी वर्षं मी चोरांसाठी होते. त्या दिवसापासून मी एका पोरीसाठी झाले.

पोर दोघांच्या मध्ये शिरून झोपायची, म्हणून आजोबांनी तिचं नाव ठेवलं पाचर. शाळेत ते स्वतः न्यायचे, शाळा सुटली की घरी आणून सोडायचे आणि दुकानात जायचे. मग दुपार, संध्याकाळ ती घरात. गल्लीतली पोरं लंगडी खेळायची. पाचर खिडकीच्या गजांत नाक घालून त्यांचा डाव मोजायची. "बाद! तो बाद झाला!" असं ती आतून ओरडायची. सुरुवातीला पोरं ऐकायची. नंतर त्यांनी पंचाकडे बघणं सोडून दिलं.

दर वर्षी शाळेचा नवा गणवेश आला की माप व्हायचं. पाचर बिचारी वाढल्याच्या आनंदात आणखी ताणायची. "बघा आजोबा, किती उंच झाले!" आणि मी आणखी वर जायची. जितकी ती वाढायची, तितकं दार तिच्यापासून लांब व्हायचं. फळीवर बुजवलेल्या भोकांच्या जोड्या एकीवर एक अशा चढत गेल्या, जणू शिडीच. पण त्या शिडीवरून कोणाला उतरता येत नव्हतं.

अडकलेली काही ती एकटीच नव्हती. आजीचे दोन्ही खांदे आखडलेले होते. तिचे हात खांद्याच्या वर जात नसत. मी वर गेले आणि आजीचंही दार गेलं. मग तिनं युक्ती काढली. छत्रीची वाकडी मूठ माझ्यात अडकवून ती मला काढायची आणि त्या मुठीनंच ढकलून घालायची. छत्रीला पाऊस ठाऊकच नव्हता म्हणा ना. दुपारी आडवी होताना आजी छत्री उशाशी घेऊन झोपायची. पोरीला थोपटता थोपटता गुणगुणायची:

दार लाविते मी बाई, कडी घालिते गं उंच,
लेकीची ही लेक माझी, चिमणीची जणू चोच.

ऐकून मला गंज चढल्यासारखं व्हायचं. चिमणी म्हणायचं आणि वर कडी घालायची!

तिसऱ्या वर्षीच्या मापाला एक गोष्ट घडली. पाचर दाराला पाठ लावून उभी राहिली. आजोबा म्हणाले, "कर हात वर." तिनं केला. पण या वेळी टाचा जमिनीला घट्ट होत्या आणि कोपर किंचित वाकलेलं होतं. मी अगदी डोक्यावरच होते, मला स्वच्छ दिसलं. आजोबांनी खूण केली, वीत मोजली. मी वर गेले ती जेमतेम दोन बोटं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आजी घोरायला लागली. पाचर मांजरासारखी आली. टाचा उचलल्या, हात पूर्ण ताणला, आणि तिचं मधलं बोट मला लागलं. मी कुरकुरले. ती दचकली, परत गेली आणि डोक्याचं तेल चिमटीत घेऊन आली. उड्या मारमारून तिनं ते माझ्या सांध्याला लावलं. इतक्या वर्षांत मला तेल देणारी ती पहिलीच. मी आवाज न करता सुटले.

आता ही पळणार, मला वाटलं. पण ती पळाली नाही. उंबरठ्यावर उभी राहिली. समोर इस्त्रीवाल्याची टपरी, पुढं तो कोपरा. तिनं कोपऱ्याकडे बघितलं, शंभर आकडे मोजले आणि दार लावून मला पुन्हा जागेवर घातलं. मग रोज तसंच. शंभर आकड्यांची तिची मोकळीक आणि मी तिची साक्षीदार.

आणि मग ती दुपार आली. रणरणतं ऊन होतं, म्हणून आजोबा झोपलेल्या आजीच्या उशाची छत्री घेऊन दुकानात गेले होते आणि त्यांच्या मागं मला पाचरनंच गुपचूप घातलं होतं. दारावर थाप पडली. दोन घाईच्या, एक सावकाश.

"आई! दार उघड गं! कारखान्याच्या गाडीतून आलेय, माल घेऊन पुढं जायचंय. पंधरा मिनिटंच आहेत!"

आजी धडपडत उठली. उशाशी हात घातला आणि कपाळावर मारून घेतला. "अगं बाई, छत्री नाही गं घरात!"

"छत्री कशाला? बाहेर ऊन आहे आई!"

"छत्रीशिवाय आमचं दार उघडत नाही!"

बाहेरून तिनं दार ढकलून पाहिलं. मग घाबरा आवाज आला. "आई, तुझी तब्येत बरी आहे ना?"

"तब्येतीला काय धाड भरलीय! थांब, खुर्ची आणते." आजी सागवानी खुर्ची ओढायला लागली. ती खुर्ची आजोबांनीच केलेली, हत्तीसारखी जड. कोपऱ्यावरून गाडीचा हॉर्न वाजला.

पाचर माझ्याकडे बघत होती. मला उघडायचं तर तिचं गुपित उघडं पडणार होतं. मग मी आणखी वर जाणार, इतकी वर की तिची शंभर आकड्यांची मोकळीकही संपणार. हे तिला कळत होतं, कारण तिचा हात अर्ध्यावर येऊन थांबला. पुन्हा हॉर्न वाजला. बाहेरून आई म्हणाली, "पाचर, आहेस का गं आत?"

तिच्या टाचा आपोआप उचलल्या गेल्या. खुर्ची अजून निम्म्या वाटेत होती आणि मी सुटले होते.

मायलेकी उंबरठ्यावरच बसल्या. आत येण्याइतकाही वेळ त्यांना वाया घालवायचा नव्हता. आईनं केस विंचरले, नखं बघितली, "केवढी झालीस गं" असं तीनदा म्हणाली. कधी नेणार ते लेकीनं विचारलं नाही आणि आईनं सांगितलं नाही. तिसऱ्या हॉर्नला आई उठली. कोपऱ्यावर वळताना तिनं मागं बघितलं नाही. बघितलं असतं तर तिला जाता आलं नसतं.

दार सताड उघडं होतं. आजीनं पाचरचं मनगट आवळून धरलं होतं.

"सोड आजी," पाचर म्हणाली. "मी कडी घालते."

तिनं दार लावलं. टाचा उचलल्या आणि मला कोयंड्यात घातलं. मित्रांनो, मला घालणारे हात मी पुष्कळ पाहिले. पण आपल्याच पायांना आवरण्यासाठी मला घालणारा हात तो पहिला. मग तिनं कपाळ दाराला टेकलं, नेमकं सगळ्यात खालच्या भोकांपाशी. बुजवलेला भुसा ओला झाला.

संध्याकाळी आजोबा आले. दार पाचरनंच उघडलं. आजीनं एका दमात सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाली, "अहो, ही कधीपासून उघडतेय कोण जाणे!"

"शाळा सुरू झाल्यापासून," आजोबा म्हणाले आणि चपला काढायला वाकले.

पाचरनं मान वर केली. "तुम्हाला माहीत होतं?"

"चाळीस वर्षं मापं घेतोय मी. वाकलेलं कोपर मला दिसत नाही होय?"

"मग खूण तिथंच का केलीत?"

"बघावं म्हटलं, जातेस का." आजोबा खाली बघत राहिले. "पहिला महिना मी दुकानात गेलोच नाही. इस्त्रीवाल्याच्या टपरीत बसून होतो. तू दारात यायचीस, उभी राहायचीस, आत जायचीस. रोज वाटायचं, आज घरी जाऊन कडी खाली घेऊ. पण त्या टेंपोचा ब्रेक अजून कानात वाजतो गं."

"शाबास!" आजी उसळली. "तिला ठाऊक, तुम्हाला ठाऊक, त्या इस्त्रीवाल्यालाही ठाऊक! आणि मी खुळी छत्री कवटाळून झोपतेय!"

पाचरला हसू आलं. डोळे अजून सुजलेले होते, तरी आलं. आजोबांनी हत्यारांची पेटी उघडली. "सांग पाचर, कुठं लावू?"

ती शिडीसारख्या भोकांकडे बघत राहिली. मग आजीजवळ गेली, तिचा हात धरून तिला दारापाशी आणलं आणि तो दुखू न देता जितका उचलेल तितका उचलला. "इथं."

ती माझी पहिली जागा होती.

आता मी तिथंच आहे. पाचरची आई अजून दूरच आहे आणि पाचर अजून तिची वाट बघते. ते काही माझ्या हातात नाही. पण दुपारी दार उघडं असतं आणि ती गल्लीत लंगडी खेळते. आजीला धीर निघाला नाही की ती उंबरठ्याशी येऊन मला फळीवर आपटते, खण्‌ खण्‌. गल्लीतून लगेच आवाज येतो, "आहे गं आजी!"

मित्रांनो, मला वर्षातून एकदा तेलाचा थेंब द्या, मी तुम्हाला जन्मभर पुरेन. आणि तुमच्या घरात कोणी कडी फार उंच लावली असेल, तर चिडू नका. लावणाऱ्याला काय ऐकू येतं ते विचारा. आणि मोठ्यांनो, कडी जरूर लावा, पण अधूनमधून पोराचं माप पुन्हा घ्या. कोपर वाकलेलं दिसलं, तर आपलीच वीत थोडी कमी धरा.

थांबा हं. आजी आली. खण्‌ खण्‌.

"आहे गं आजी!"