नावाखालची ओळ

आपण काम करतो ती उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतली लोखंड ओतायची फाउंड्री लवकरच बंद होणार, हे कळल्यापासून उपासना नवी नोकरी शोधत होती. लिंक्डइनवर नावाखालच्या हेडलाइनमध्ये तिनं लिहिलं होतं : 'प्रामाणिक, मेहनती, संधीच्या शोधात.' दोन महिन्यांत एकही फोन आला नव्हता.

रविवारी ती निपाणीला घरी गेली. चहा पिता पिता मोबाइल बघत असताना स्वरूपची, तिच्या सहकाऱ्याची, हेडलाइन समोर आली : 'वाळूतली ओल आवरून कास्टिंगचं रिजेक्शन बारा टक्क्यांवरून चारवर आणणारा इंजिनिअर.'

उपासना सुन्न झाली. साच्याच्या वाळूत ओल जास्त झाली की ओतीव लोखंडात छिद्रं पडतात आणि माल बाद होतो, हे तिनं हेरलं होतं! वर्षभर दर पाळीला वाळू तपासली होती तिनं. स्वरूप फक्त तिचे आकडे कॉम्प्युटरवर चढवायचा.

"काय झालं गं?" वडिलांनी, मायाप्पांनी विचारलं. तिनं सगळं सांगितलं.

"मग तू काय लिवलंयस?"

तिनं वाचून दाखवलं.

"ह्यात तुजं काम कुठं हाय? मेहनती तर बैलबी असतोय."

"आप्पा, आपलं आपण कसं सांगायचं? लोक म्हणतील, लई मोठेपणा करते."

मायाप्पांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "वखारीत तीस वर्सं तंबाखूची प्रत लावली मी. पान नुसतं चोळून सांगायचो. व्यापारी मालकाला म्हणायचे, काय पारख हाय तुमची! मी तितंच हुबा. मालक बोलला न्हाय, मीबी न्हाय. आमाला तोंड उघडायची सवयच न्हवती. तुला शिकवलं ते गप बसायला व्हय? खोटं सांगितलं तर मोठेपणा. केलेलं सांगायला कसली लाज?"

उपासनानं तिथूनच स्वरूपला फोन लावला.

"अगं, टीमचंच काम की," तो म्हणाला. "तू कुठं लिहिलं नव्हतंस, म्हणून..."

"मी लिहिलं न्हाय म्हणून ते तुझं होत न्हाय, स्वरूप!"

"चुकलं माझं," तो म्हणाला. "आत्ताच काढतो." आणि त्यानं ती ओळ काढली.

उपासनानं 'प्रामाणिक, मेहनती' खोडलं आणि लिहिलं : 'फाउंड्री क्वालिटी इंजिनिअर. वाळूच्या चाचण्यांतून रिजेक्शन बारावरून चार टक्क्यांवर.' लिहिताना तिचा अंगठा दोनदा अडखळला.

तीन आठवड्यांनी कोल्हापूरच्या एका कारखान्यातून फोन आला. "वाळूचं ते कसं जमवलंत?" पहिलाच प्रश्न! उपासना वीस मिनिटं बोलत राहिली, एकदाही न चाचरता. पुढच्या महिन्यात ती तिथं रुजू झाली.

वाचकहो, नम्रता हवीच. पण तिच्या नावाखाली आपण आपलं कामच झाकून ठेवतो, आणि मग ते दुसऱ्याच्या नावावर खपतं. तुम्ही काय करता आणि त्यानं काय बदललं, तेवढं खरं खरं लिहा. आणि त्या ओळीत दुसऱ्याचा घाम असेल, तर त्याचं नाव आधी लिहा!