अठरा गुळगुळीत दगड

आई बावन्नाव्या वर्षी लिहावाचायला शिकली. आमच्या नदीकाठच्या, कातडी कमावणाऱ्यांच्या वस्तीत बायकांसाठी वर्ग निघाला तेव्हा. दिसेल ती पाटी वाचत सुटायची. त्या वर्षी ती डोंगरातल्या विहारात गेली, आजीच्या थडग्याचा दगड नेहमीसारखा धुतला आणि पहिल्यांदाच वाचला.

मेलेल्याला भंते नवं नाव देतात. बुद्धाच्या घरचं नाव. आजीला दिलेल्या नावात 'जनावर' होतं. आमच्या वस्तीच्या अठराही दगडांवर होतं. तीस वर्षं आई ते अक्षर घासून लख्ख करत होती. वर त्यालाच हात जोडत होती.

शेवटची दोन वर्षं ती अंथरुणातच होती, विहारात जाणं झालं नाही. मरताना म्हणाली, "मित्सुयो, मला आईशेजारीच ठेव. पण आधी तिचं नाव बदलून घे." आणि वहीचं एक पान दिलं. वाकड्यातिकड्या अक्षरांत तिने स्वतःच आजीचं नाव ठरवलं होतं: निर्मळ पाण्याची तोमे.

ती गेल्यावर एकोणपन्नासाव्या दिवशी, अस्थी ठेवायच्या दिवशी, डबा पांढऱ्या कापडात बांधून मी विहारात गेले. तिथला भंते रेइगेन पस्तिशीचा. गादी बापाकडून आलेली, बापाला त्याच्या बापाकडून.

"या मित्सुयोबाई, आधी चहा घ्या."

"चहा राहू द्या. आजीच्या दगडावरचं नाव बदलायचंय."

"ते काम झालंसुद्धा!" तो हसला. "गेल्याच वर्षी. वाडवडिलांची ती चूक मला फार सलत होती हो."

"आम्हाला कळवायचं होतं की."

"म्हटलं, जुनी जखम कशाला उकरा?"

जखम आमची. उकरायची की नाही हे ठरवणारा हा.

त्याने मला मागे नेलं. बांबूच्या बनातली आमच्या थडग्यांची जागा सपाट होऊन तिथे पाहुण्यांच्या गाड्या उभ्या होत्या. शहरातली माणसं हल्ली इथे दोन-दोन दिवस शांतता खायला येतात. पलीकडे शेवाळाची बाग, आणि तिच्यात अर्धगोलात मांडलेले अठरा दगड. यंत्राने घासलेले. एकावरही अक्षर नाही.

"आता भेदच उरला नाही," भंते म्हणाला.

"हाडं?"

"एकत्र ठेवली, मध्ये. तीन दिवस सूत्रपठण केलं. आईंनाही तिथेच ठेवू."

मी वहीचं पान पुढे केलं. "हे आजीचं नाव. कोरून द्या."

त्याने वाचलं. खरंच अवघडला असावा, मान खाली गेली. मग हळूच म्हणाला, "कुठल्या दगडावर?"

"तुम्ही हलवले, तुम्हाला माहीत."

"गवंड्याने हलवले. खुणा नाही केल्या."

"नोंदवही काढा."

"ती मुख्य विहाराने कुलपात ठेवलीय. त्यात तसली नावं आहेत ना, कुणाला दाखवायची नाही. तुमच्याच भल्यासाठी."

"भंते, 'जनावर' लिहिताना तुमच्या आजोबांनी दगड बरोबर ओळखला होता."

 चहा निवतोय म्हणत तो आत गेला.

मी तिथल्या बादलीतली लाकडी पळी घेतली आणि अठराही दगडांवर पाणी घातलं. एकेकावर हात फिरवला. आईला आजीचा दगड डोळे मिटूनही सापडला असता, त्याची एक कड तुटकी होती. यांनी कडासुद्धा सारख्या करून टाकल्या होत्या. शिवी पुसायला गेले आणि माणूसच पुसून आले. पुसलं ते स्वतःचं अक्षर, स्वतःची लाज झाकायला; आमच्यासाठी नव्हे.

डबा मांडीवर घेऊन मी मधोमध बसले. आईला इथे ठेवलं असतं तर ती आईजवळ गेली असती, हे खरं. पण मग एकोणिसावी गुळगुळीत झाली असती.

मागून एक पाहुणीबाई आली, हातात कॅमेरा. कमरेत वाकून गोड आवाजात म्हणाली, "माफ करा हं, जरा बाजूला होता का? दगड फार सुंदर दिसताहेत."

"माझी आजी आहे यातली एक," मी म्हटलं.

"अय्या, कुठली?"

मी हलले नाही. शेवटची बस पाचची होती. ती खाली वळणावर भोंगा देऊन निघून गेली.