न पुसलेला गाल

फोटोच्या दुकानातल्या आतल्या खोलीचा नळ सुरूच होता. आता बघा, वाहत्या पाण्याचा आवाज तो केवढा, पण फोटोवाल्यांच्या छातीवर तो घणासारखा बसत होता. आरशासमोरच्या मेजावर, फोटोपुरते गिऱ्हाइकांना चढवायचे ढगळ कोट मागून टाचायला ठेवलेली टाचण्यांची डबी होती. आणि दाराला आतून कडी लावून त्यांची पंधरा वर्षांची लेक त्या आरशासमोर उभी होती.

लेकीला घरात मैना म्हणत. लहानपणी तोंडाला खळ नसायचा, म्हणून पडलेलं नाव. वर्षभरापूर्वी गालांवर मुरूम उठले आणि मैनेची चोच मिटली ती मिटलीच.

"मैना, दार उघड."

नुसता नळ.

काउंटरवर शाळेनं नाकारलेला फोटो पडला होता. परीक्षेच्या अर्जासाठी फोटोवाल्यांनी स्वतः काढलेला. गाल कसे, लोण्याचे! एकेक मुरूम त्यांनी मन लावून पुसला होता. हातच तसा बसलेला. नवरीचे डाग म्हणू नका, शेठजींची ढेरी म्हणू नका, माउसच्या टोकाखाली सगळं गडप. आज सराव परीक्षेला बाईंनी मैनेला उभं केलं, फोटो तिच्या तोंडाशेजारी धरला आणि विचारलं, "ही तू? की तुझी धाकटी बहीण गं?" वर्ग खो खो हसला. मैनेनं दप्तर तिथंच टाकलं, दुकान गाठलं, फोटो बापाच्या पुढ्यात आपटला, झालेलं सगळं एका दमात ओरडून सांगितलं आणि आत जाऊन कडी घातली.

"अहो, माझ्या फोटोचं काय झालं?" बाकावरच्या टोपीवाल्या काकांनी विचारलं. पासपोर्टसाठी फोटो काढून झाला होता, टोपी मांडीवर होती. "डोक्यावर जरा दाट करा म्हटलं होतं."

"काका, थोडं थांबा."

"थांबतो की. टक्कल कुठं पळून जातंय!" मग आवाज उतरवून, "पोरगी रडतेय का हो?"

"रडत असती तर बरं होतं."

बायकोचं बोलणं त्यांच्या कानात घुमायला लागलं. "अहो, मेडिकलमधला फेसवॉश झाला, जेल झालं. महिनोन्‌महिने नेमानं लावतेय पोरगी. उतार नाही. आता तर गाठी येतात, उशीला गाल टेकवत नाही ती. स्किनच्या डॉक्टरांना दाखवू या." तेव्हा हे हसले होते. "वयच आहे ते! मला नव्हत्या आल्या पुटकुळ्या? आल्या तशा गेल्या." विषय तिथंच मिटला होता.

आतून 'स्स' असा आवाज आला.

फोटोवाल्यांनी दारावर थाप मारली. "मैना! हातात टाचणी आहे का?"

"असली तर?" इतक्या वेळानं पहिला शब्द. "तुम्ही पुसता, मी फोडते."

"चिघळेल गं. डाग राहील."

"राहिलेत! बघितलेत कधी? तुम्ही मला बघता कुठं, बाबा? दिसलं की पुसून टाकता."

दार ढकलावं तर पोरीचा हात दचकेल आणि टाचणी डोळ्याजवळ. न ढकलावं तर ती दुसरी गाठ फोडेल. देवा, आता तूच शब्द दे, असं ते मनात म्हणाले. पाय मात्र कॉम्प्युटरकडे वळले.

मूळ फोटो ते कधी काढून टाकत नसत. उघडला. पडदाभर मैना. दिवा बाजूनं मारलेला होता, आणि त्या तिरप्या उजेडात डाव्या गालावर लाल ठिपके होते ते होतेच. ठिपक्यांच्या मधे सावल्या होत्या. बारीक, वाटोळ्या.

जन्मभर उजेडाशी खेळलेला माणूस तो. डागाला सावली नसते, खळग्याला असते, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. मुरूम गेले होते आणि जाताना गाल खोदून गेले होते. त्यांना आठवलं, डाग काढायला एक हत्यार वापरायचं, खड्डा बुजवायला दुसरं. त्या दिवशी त्यांच्या हातानं दुसरं उचललं होतं. हाताला कळलं होतं, बापाला नाही.

ते दाराशी परत आले. कपाळ लाकडाला टेकलं.

"मैना, मूळ फोटो बघितला. खड्डे पडतायत, डाव्या गालावर. मी ते बुजवले आणि मला पत्ताही नाही. वय-बिय काही नाही हे. डॉक्टर पाहिजे. आई म्हणाली तेव्हाच पाहिजे होता."

नळ चालूच. मग बारीक आवाजात, "दिसतात?"

"दिसतात."

"मला वाटलं, मलाच दिसतात."

नळ बंद झाला. कडी निघाली. गालावरून रक्ताचा एक ओघळ हनुवटीपर्यंत आला होता. त्यांनी तळहात पुढे केला, तिनं त्यावर टाचणी ठेवली. पुसायला त्यांचा हात उठलाच होता. तो त्यांनी आवरला आणि स्वच्छ कापूस तिच्या हातात दिला.

दवाखान्यात फोन लावला तो स्पीकरवर. पलीकडची बाई म्हणाली, "उद्या सकाळी या. फोडायचं अजिबात नाही. काय काय लावलंत ते सगळं आणा, जुने फोटो असले तर तेही."

"खड्डे भरतील?" मैनेनं मधेच विचारलं.

"ते डॉक्टरच सांगतील, बाळा. पण नवे पडू नयेत म्हणूनच लवकर यायचं असतं."

मैनेनं गालावरचा ओघळ कापसानं टिपला. मग तिनं स्टूल ओढलं आणि पांढऱ्या पडद्यासमोर बसली. "शाळेसाठी परत काढा. दिवा समोरून. मग एक डॉक्टरांसाठी, बाजूनं." आणि तिनं डावा गाल उजेडाकडे वळवला. कॅमेऱ्यामागे फोटोवाल्यांचे डोळे भरून आले. फोकस कुठला जमतोय!

"माझे केसही आहेत तसेच राहू द्या हो," काका बाकावरून म्हणाले. "नाहीतर विमानतळावर विचारतील, हे तुमचे धाकटे भाऊ का?"

मैनेचा ओठ एका कोपऱ्यात हलला. हसली म्हणता येणार नाही.

"बाबा, उद्या तिथं तुम्ही बोलायचं नाही. मी बोलणार."

"एक शब्द नाही बोलणार."

"आणि फोटो सगळे घ्या," ती म्हणाली. "न पुसलेले."